आपली कादंबरी, आपलेच संपादन



व्हर्जिनिया वूल्फच्या पहिल्या दोन कादंबऱ्या तिच्या सावत्र भावाच्या प्रकाशनसंस्थेने छापल्या. तिसरी, 'जेकब्स रूम', तिने १९२२ मध्ये स्वतःच काढली, पतीसह १९१७ मध्ये सुरू केलेल्या होगार्थ प्रेसमधून. प्रकाशकाची मर्जी सांभाळणे संपले.

हे स्वातंत्र्य आपल्यालाही हवे आहे. पण संपादक नसला की थांबवणारेही कोणी नसते. समुपदेशन केंद्रात बायका आपल्याशी विश्वासाने बोलतात. लिहिताना पहिल्या खर्ड्यात त्यांचे जगणे उतरणारच. म्हणून दुसरा खर्डा एकाच प्रश्नासाठी ठेवावा: हे वाचून तिची सासू तिला ओळखेल का? ओळखणार असेल, तर नुसते नाव बदलून भागत नाही. गाव, काम, मुलांची संख्या, सगळेच बदलावे लागते. बलात्कार झालेल्या स्त्रीची ओळख तिच्या लेखी संमतीशिवाय छापणे हा तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हाच आहे.

तिसरा खर्डा गटात मोठ्याने वाचावा. पात्र बोलायचे थांबून भाषण देऊ लागले, की ऐकणाऱ्यांना लगेच कळते. तिथे कात्री लावावी.

संपादन ही सत्ताच आहे. ती आपल्या हाती आली, तर जिच्या जगण्यावर कादंबरी उभी आहे तिच्याविरुद्ध ती वापरायची नाही, एवढे आपण ठरवू या.