सैल सोडण्याचे शिक्षण

मिसरूड फुटण्याच्या वयात मुलाला होणारी काही दुखणी अशी असतात, की ती आईला सांगवत नाहीत आणि वडिलांना सांगण्याचे धैर्य होत नाही. लघवीला वारंवार जावेसे वाटणे, धार तुटक येणे, ओटीपोटात व शिवणीच्या जागी महिनोन्‌महिने ठसठसणे, ही त्यांपैकीच. असा मुलगा दुखणे अंगावर काढतो; आणि अखेर जातो तो पुष्कळदा रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर ज्यांची नावे रंगविलेली असतात, त्या गुप्तरोगतज्ज्ञांकडे. तेथे दुखण्यापेक्षा भीतीच अधिक पोसली जाते.

या विकाराला जीर्ण प्रोस्टेटदाह म्हणतात. नावात दाह असला, तरी बहुसंख्य रुग्णांत जंतू सापडत नाहीत. म्हणूनच अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९५ साली केलेल्या वर्गीकरणात जंतुजन्य प्रकार वेगळे काढून उरलेल्या मोठ्या गटाला ओटीपोटाच्या जीर्ण वेदनेचे नाव दिले. जंतूच नसतील, तर जंतुनाशक गोळ्यांच्या पुड्यांमागून पुड्या संपवून काय साधणार?

यांतील कित्येकांच्या बाबतीत दोष असतो तो स्नायूंचा. मूत्राशय व गुदद्वार यांना खालून तोलून धरणारी स्नायूंची एक झोळी असते. लघवीच्या वेळी ती सैल पडावयास हवी. परंतु धास्तीने किंवा लघवी रोखून धरण्याच्या सवयीने ती आवळलेलीच राहिली, तर धार अडते आणि स्नायू दुखू लागतात. दुखले की मूल आणखी आवळून घेते. गंमत अशी, की आपण काही आवळले आहे याचा त्या मुलाला पत्ताही नसतो.

तो पत्ता लावून देणे हे बायोफीडबॅकचे काम. शिवणीजवळ त्वचेवर संवेदक चिकटवितात, किंवा गुदद्वारात एक लहान नळी बसवितात. स्नायूंतील विद्युत्‌दाब मोजला जातो तो व्होल्टच्या दशलक्षांश भागांत. त्याची रेघ पडद्यावर उमटते. मुलाने काही क्षण आवळावयाचे, मग सोडावयाचे, आणि रेघ खाली उतरते की नाही ते पाहावयाचे. डोळ्यांना दिसले, की हळूहळू शरीरालाही उमगू लागते. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगल यांनी १९४८ साली असेच एक दाबमापक यंत्र पुढे आणले. पण ते बाळंतपणानंतर शिथिल झालेले स्नायू बळकट करण्यासाठी. येथे प्रश्न नेमका उलटा आहे. केगलचे व्यायाम ऐकीव माहितीवर करू लागणारा तरुण म्हणूनच आपले दुखणे वाढवून घेण्याचा संभव असतो. हठयोगातील मूलबंधाचीही गोष्ट तीच; त्यातही आकुंचनच असते.

हा उपाय सर्वांना लागू पडेल असे मात्र नाही. कुमारवयीन रुग्णांवरील अभ्यास अद्याप थोडे आहेत. लघवीची तपासणी आधी झाली पाहिजे. आणि थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अजिबात होईनाशी झाली, तर यंत्रापुढे बसविण्यात वेळ न दवडता मुलाला त्याच दिवशी रुग्णालयात नेले पाहिजे.