कधीच तयार नसलेली गाडी

श्रोतेहो, ज्यांनी मळ्यात डिझेल इंजिन चालवले आहे, त्यांना रिंगा गेल्या म्हणजे काय होते हे सांगायला नको. धूर येतो, तेल जळते, इंजिनात दम राहत नाही, आणि तालुक्याच्या मिस्त्रीकडे खेप पडते. त्या इंजिनाचा पिस्टन गोल, सिलिंडर गोल आणि रिंगही गोल. आज मी तुम्हांला जी हकीकत सांगणार आहे, ती अशा मोटारसायकलीची की जिचा पिस्टन गोल नव्हताच. शाळेच्या पेन्सिलपेटीची टोके घासून वाटोळी करावीत, तसा लंबगोल होता!

ही गाडी जपानच्या होंडा कंपनीची. 1966 साली या कंपनीने 500 सी. सी.च्या जागतिक शर्यतींत उत्पादकांचे अजिंक्यपद मिळवले होते. 1967 नंतर ती मैदानातून बाहेर पडली, आणि परत आली ती 1979 साली. मधल्या काळात मैदान पालटले होते. जो तो टू-स्ट्रोक इंजिन वापरू लागला होता. आपल्याकडच्या जुन्या राजदूत किंवा लुना गाडीत पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालावे लागे, ती याच जातीची.

आता असे पाहा. दोन विहिरींवर एकाच मापाच्या दोन मोटा आहेत. एक दर खेपेला भरून येते, दुसरी एक खेप भरून आणि एक खेप रिकामी. दुसरीने पहिलीइतके पाणी काढायचे तर बैलांना दुप्पट पळवले पाहिजे. टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक यांत नेमका हाच फरक. टू-स्ट्रोकमध्ये दर फेऱ्याला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांतून एकदा. मग होंडानेही टू-स्ट्रोक का केले नाही, असे तुम्ही विचाराल. कंपनीचे नाव झाले होते ते फोर-स्ट्रोकवर. दुसऱ्याची वाट धरून जिंकण्यात काय मोठेपण, असे तिथल्या इंजिनिअरांना वाटे. हा अभिमान होता, हट्टही होता. मला तरी त्यात दोन्ही सारखेच दिसतात.

इंजिन मिनिटाला वीस हजार फेऱ्यांच्या आसपास फिरवायचे, असा बेत ठरला. मळ्यातले इंजिन साधारण दीड हजारावर चालते, हे ध्यानात घ्या. एवढ्या वेगात हवा आत-बाहेर जायची तर झडपा पुष्कळ हव्यात. आठ सिलिंडरांत त्या सहज बसल्या असत्या. पण नियमाप्रमाणे सिलिंडर चारच. तेव्हा दोन-दोन सिलिंडर जोडून एकेक केला, अशी कल्पना करा. म्हणून तो लंबगोल. एका पिस्टनला दोन कनेक्टिंग रॉड, आठ झडपा, दोन प्लग. चार सिलिंडरांत मिळून बत्तीस झडपा!

शिक्षकबंधूंनी हे फळ्यावर काढून मुलांना विचारावे: गोल रिंग चहूबाजूंनी सारखी दाबून बसते, पण लंबगोल रिंग तिच्या सरळ बाजूवर कशी बसेल? होंडाच्या माणसांना हाच प्रश्न पडला. लंबगोल भोक अचूक पाडण्यापासून सगळे नव्याने शिकावे लागले. त्यातच सांगाडाही त्यांनी कोळंबीच्या कवचासारखा केला. इंजिनाला हात लावायचा तर आधी कवच सोडवायचे, मग काम. शर्यतीच्या दिवशी वेळ कुठून आणायचा?

ऑगस्ट 1979 मध्ये इंग्लंडातल्या सिल्व्हरस्टोनच्या मैदानावर गाडी उतरली. नाव एन. आर. 500. स्वार होते इंग्लंडचे मिक ग्रँट आणि जपानचे ताकाझुमी कातायामा. त्या काळी बंद गाडी ढकलून, पळत पळत सुरू करावी लागे, आणि ही काही लवकर सुरू होईना. ग्रँटच्या गाडीतून तेल गळून मागच्या चाकावर आले आणि पहिल्याच वळणावर ते घसरून पडले. कातायामांची गाडी थोड्या फेऱ्यांनी थांबली. पुढे फ्रान्सच्या शर्यतीत दोघांना उतरण्याची पात्रतासुद्धा मिळाली नाही. एन. आर. म्हणजे 'न्यू रेसिंग'. चेष्टेखोरांनी त्याचे 'नेव्हर रेडी' केले, म्हणजे कधीच तयार नसलेली!

तरी त्यांनी काम सोडले नाही हं. कवच टाकून साधा नळ्यांचा सांगाडा घेतला, आणि 1980 मध्ये गाडी शर्यत पुरी करू लागली. 1981 साली जपानात सुझुकाच्या 200 किलोमीटरच्या शर्यतीत ती पहिली आली. त्याच वर्षी सिल्व्हरस्टोनला फ्रेडी स्पेन्सर हा कोवळा अमेरिकन स्वार तिला पाचव्या स्थानापर्यंत घेऊन गेला, आणि इंजिनाने दगा दिला. जागतिक शर्यतीत पहिल्या दहा जणांना गुण मिळत. एन. आर.ला अखेरपर्यंत एकही गुण मिळाला नाही.

खरी कसोटी पुढेच होती. ज्या वाटेने जायचे नाही म्हणून एवढा खटाटोप केला, त्याच वाटेने जायचे ठरले. शिनइची मियाकोशी यांच्या देखरेखीखाली टू-स्ट्रोक एन. एस. 500 तयार झाली. इतरांचे सिलिंडर चार, हिचे तीनच. ताकद थोडी कमी, पण गाडी हलकी आणि वळणाला चपळ. 4 जुलै 1982 रोजी बेल्जियममधल्या स्पा येथे स्पेन्सरने तिच्यावर शर्यत जिंकली. या गटात होंडाला 1967 नंतर मिळालेला हा पहिला विजय. पुढल्या वर्षी बारा शर्यतींपैकी सहा स्पेन्सरने आणि सहा केनी रॉबर्ट्सने जिंकल्या. शेवटी गुण झाले 144 आणि 142. दोन गुणांनी अजिंक्यपद स्पेन्सरकडे आले.

आणि ती लंबगोल पिस्टनची गाडी? तिच्यासाठी जो क्लच बनवला होता, वेग कमी करताना मागचे चाक अडखळू न देणारा, तशा प्रकारचा क्लच पुढे रस्त्यावरच्या गाड्यांत आला. पिस्टनही कोणी भंगारात टाकला नाही. 1992 साली होंडाने एन. आर. नावाची 750 सी. सी.ची गाडी विकायला काढली. सुमारे तीनशेच गाड्या बनवल्या, आणि किंमत अशी की सामान्य माणसाने नुसती पाहावी. इंजिनाला सिलिंडर चार, झडपा बत्तीस, आणि पिस्टन लंबगोल.