रविवारी बघू



शाळेच्या आठवणी बाकीचे सांगतीलच. मी बाबांची गोष्ट सांगते, कारण आपल्या बहुतेकांचे आईबाबा आता सत्तरीपार आहेत आणि आपण दूर.

बाबा अकोल्याला असतात. हृदयात स्टेंट बसवून दोन महिने झाले होते. एका संध्याकाळी हातातून चहाचा कप सुटला. उजवा हात दहा मिनिटं उचलेना, मग आपोआप ठीक झाला. फोनवर म्हणाले, "काही नाही झालं माय, हात जरासा बधिर झालता." मी पुण्यात, कामाच्या गडबडीत. म्हटलं, "रविवारी येते, मग बघू."

ही माझी चूक. असा हात येऊन-जाऊन बधिर होणं ही लकव्याची आगाऊ सूचना असते आणि पहिले दोन दिवस सर्वांत धोक्याचे.

अमरावतीच्या धाकट्या बहिणीने माझं ऐकलं नाही. २०२२ मध्ये आपल्या अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं, विश्वविक्रम झाला. त्याच रस्त्याने सकाळीच ती बाबांना घेऊन गेली. डॉपलर तपासणीत दिसलं, मेंदूला रक्त नेणारी मानेतली डावी नस खूप अरुंद झाली आहे.

पुढे नागपूरला पेच पडला. नस उघडून साफ करायची शस्त्रक्रिया जुनी आणि भरवशाची. पण रक्तस्राव नको म्हणून सर्जनना दोन गोळ्यांपैकी क्लोपिडोग्रेल थांबवायची होती. ती थांबवली, तर हृदयातल्या नव्या स्टेंटमध्ये गुठळी होऊन झटका येण्याची भीती. मानेत स्टेंट घातला तर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालूच ठेवाव्या लागतात. म्हणून तोच मार्ग ठरला. डॉक्टरांनी धोकाही लपवला नाही: वयस्कांत स्टेंट घालताना लकव्याची शक्यता शस्त्रक्रियेपेक्षा थोडी जास्त, आणि नाडी व रक्तदाब एकदम उतरू शकतात. जांघेतून नळी नेली, सुटलेले कण अडवायला वर बारीक जाळी धरली. त्या रात्री रक्तदाब उतरलाही, पण सांभाळला गेला.

आता बाबा स्वतः भाजी आणतात.

तेव्हा दोन गोष्टी करा. स्टेंटची तारीख आणि गोळ्यांची नावं चिठ्ठीवर लिहून आईबाबांच्या पाकिटात ठेवा. दात काढायचा असला तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका. आणि तोंड वाकडं झालं, हात गळला, बोलणं अडखळलं, तर ते लगेच बरं झालं तरी त्याच तासाला दवाखाना गाठा.

रविवारी बघू, असं कोणी म्हणू नका.