धरून थांबलं तर चालतं
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील मनोगत)

स्प्रिंट ट्रायथलॉन म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं, तेही सलग. सायकलचं अंतर आपलं मुदखेड-नांदेडच समजा!

मी पंचेचाळिशीत पोहायला शिकलो, विहिरीत, पाठीला डबा बांधून. तिथं हात लांबवला की काठ. स्पर्धेला कोल्हापूरच्या राजाराम तलावात उतरलो, तर काठच नाही. छाती भरून आली. बचावाची होडी धरली. वाटलं, झालो बाद.

होडीवाला म्हणाला, "काका, धरून थांबलं तर चालतं. होडीनं पुढं जायचं नाही, बस."

दोन मिनिटांनी हात सोडला. शेवटून तिसरा आलो, पण पूर्ण केली.

सोसायटीतल्या पोरांनो, दम लागला तर खुशाल कुणाचा तरी आधार धरा. पुढचं मात्र आपलं आपण पोहायचं.