माणूस विश्वास का ठेवतो?
(वर्धापनदिनी दिलेल्या भाषणावरून)



आज मी डेव्हिड ह्यूम या स्कॉटलंडच्या तत्त्वज्ञाविषयी चार शब्द बोलणार आहे. जन्म १७११ चा, मृत्यू १७७६ चा, गाव एडिंबरा. मानवी स्वभावावरचा त्याचा मोठा ग्रंथ १७३९-४० मध्ये निघाला, तेव्हा त्याने तिशीही गाठली नव्हती. पुढे १७४५ मध्ये एडिंबरा विद्यापीठात प्राध्यापकाच्या जागेसाठी त्याचं नाव आलं. पण हा नास्तिक आहे अशी ओरड झाली आणि जागा हुकली.

तो म्हणायचा काय? माणूस स्वतःला मोठा बुद्धिवान समजतो, पण त्याचे बरेचसे विश्वास सवयीतून येतात. उद्या सूर्य उगवेल हे आपण कशावरून म्हणतो? आजवर रोज उगवला म्हणून. नुसत्या तर्काने ते सिद्ध करता येत नाही. लहान मूल एकदा ज्योतीला हात लावतं, भाजतं, पुन्हा लावत नाही. त्याने काही तर्कशास्त्र वाचलेलं नसतं. सवयीवाचून जगणंच अवघड, हेही ह्यूम मान्य करतो.

पण सवय खरं-खोटं पाहत नाही. वारंवार कानावर पडलेली गोष्टही खरी वाटू लागते. म्हणून त्याने माप दिलं : जेवढा पुरावा, तेवढाच विश्वास. कुणी चमत्कार सांगितला, तर निसर्गाचा नियम मोडला असेल की सांगणारा फसला असेल, यातलं अधिक संभवनीय काय ते पाहा.

आता पुढचं नीट ऐका. याच ह्यूमने १७५३ मध्ये एका निबंधाच्या तळटीपेत लिहिलं की, काळे लोक गोऱ्यांपेक्षा निसर्गतःच कमी असावेत, त्यांच्यात विद्वान झालेच नाहीत. कुठे गेलं ते माप? १७७० मध्ये ॲबरडीनचे प्राध्यापक जेम्स बीटी यांनी त्याला जाब विचारला. ज्या गुलामाला लिहिता-वाचता येत नाही, मालकाच्या हुकमाशिवाय काही करता येत नाही, त्याने नाव कमवावं कसं? बीटी हे धर्माभिमानी, ह्यूमचे कडवे विरोधक. पण इथे पुरावा त्यांच्या बाजूने होता. शिक्षणाचं दार लावून घ्यायचं आणि वर ‘तुमच्यात विद्वान कुठे?’ म्हणून विचारायचं, ही रीत आपल्याला नवी नाही. २०२० मध्ये एडिंबरा विद्यापीठाने आपल्या एका इमारतीचं ह्यूमचं नाव काढलं.

मग ह्यूम टाकून द्यायचा का? मला तसं वाटत नाही. सवय माणसाला कशी धरून ठेवते हे त्याने सांगितलं, आणि स्वतःच त्याचं उदाहरण झाला. एवढा मोठा संशयवादी घसरतो, तर तुम्ही-आम्ही कोण? माप चांगलंच आहे, ते स्वतःलाही लावायला हवं.

म्हणून घरी मुलाने ‘कशावरून?’ असं विचारलं, तर त्याला गप्प करू नका. आणि दुसऱ्या वस्तीतल्या, दुसऱ्या समाजाच्या माणसाविषयी आपल्या तोंडून जे सहज निघतं, त्यालाही एकदा ‘कशावरून?’ असं विचारून पाहा.