शिफारस झाली, पुढं काय?

(वासंतिक व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

अध्यक्षबाई, व्याख्यानमालेचे पदाधिकारी आणि पंख्याखालची खुर्ची न मिळताही बसून राहिलेल्या मंडळी,

पत्रिकेत विषय छापलाय ‘मानवी हक्क आयोग : अधिकार आणि मर्यादा’. मी कळवला होता ‘कलम 28’. त्यावर कार्यवाहांचा फोन आला, ‘वकीलसाहेब, कलमाच्या नावावर माणसं येत नाहीत हो.’ खरं आहे. त्यांच्या शीर्षकावर तुम्ही आलात, आता माझ्या शीर्षकाचं ऐकून जा. (हशा)

पार्श्वभूमीत मी फार शिरत नाही. काश्मीर आणि पंजाबवरून बाहेरच्या देशांनी आपल्याला विचारलेले प्रश्न, 1993 च्या सप्टेंबरमधला वटहुकूम, 12 ऑक्टोबरला राष्ट्रीय आयोगाची स्थापना, पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र, मग मानवी हक्क संरक्षण कायदा, असे आयोग कसे असावेत हे सांगणारी पॅरिस तत्त्वं, हे सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. ज्यांना नसेल त्यांच्या शेजारच्याला असेल. आपल्या राज्याचा आयोग 6 मार्च 2001 पासून काम करतो. मुंबईत सीएसएमटीच्या समोरच, हजारीमल सोमाणी मार्गावर. त्याच्यासमोरून तुम्ही कितीदा तरी गेला असाल, लोकल पकडायच्या घाईत.

आयोगाचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं : हा दात नसलेला वाघ. लोक म्हणतात, वर्तमानपत्रं म्हणतात, आणि 2017 साली मणिपूरमधल्या कथित बनावट चकमकींच्या खटल्यात हीच उपमा थेट सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात जाऊन बसली. मला ती पटत नाही. वाघ म्हटलं की माणसं डरकाळीची वाट बघत राहतात आणि ती ऐकू आली नाही की चप्पल घालून घरी जातात. आयोगाचं काम डरकाळी फोडण्याचं नाहीच. सरकारला लेखी उत्तर द्यायला लावणं, हे त्याचं काम आहे. ते उत्तर वाचायचं कोणी, हा माझा आजचा विषय. पण तिथं जायच्या आधी अधिकार सांगतो, नाहीतर कार्यवाह मानधन कापतील.

कलम 13 प्रमाणे चौकशीपुरते आयोगाला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. साक्षीदाराला समन्स काढता येतं, प्रतिज्ञापत्र मागता येतं, कुठल्याही कार्यालयातलं दप्तर मागवता येतं. वर्तमानपत्रातली बातमी वाचून आयोग स्वतःहून दखल घेऊ शकतो. तुरुंगात जाऊन पाहणी करू शकतो. पूर्वी त्यासाठी राज्य सरकारला आगाऊ कळवावं लागायचं, म्हणजे तोवर तुरुंगाला रंग देऊन व्हायचा. 2006 च्या दुरुस्तीनं ती अट गेली. चौकशीअंती आयोग नुकसानभरपाईची, खटला भरण्याची, तातडीच्या मदतीची शिफारस करू शकतो आणि स्वतः उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतो. तक्रारीला स्टॅम्प नको, फी नको, वकील नको. हे शेवटचं आमच्या बाररूममध्ये मोठ्यानं बोलत नाहीत. (हशा) आणि मराठीत लिहिलेला साधा अर्ज चालतो.

आता मर्यादा. घटनेला वर्ष उलटलं की आयोगाला त्याची चौकशी करता येत नाही, कलम 36. सैन्यदलांविरुद्धच्या तक्रारीत स्वतः तपास करता येत नाही, केंद्राकडून अहवाल मागवायचा आणि त्यावर मत द्यायचं, कलम 19. प्रकरण न्यायप्रविष्ट असेल, नोकरीतल्या बढती-बदलीचं असेल, निनावी असेल, तर ते दारातूनच परत. आणि कलम 18 मध्ये शब्द आहे ‘शिफारस’. महिन्याभरात सरकारनं त्यावर काय केलं ते कळवायचं. कळवलं नाही तर? तिथं कायदा गप्प आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं फेब्रुवारी 2021 मध्ये सांगितलं की या शिफारशी सरकारला बंधनकारक आहेत. त्यावर आम्हा वकिलांचा वाद चालू आहे, आणि तो तुम्हाला ऐकवणं हा तुमच्या मानवी हक्कांचा भंग होईल.

आणखी एक मर्यादा आहे. ती सांगताना मला पहिल्या रांगेकडे बघावं लागतंय, कारण तिथं आपल्या तालुक्यातून निवृत्त झालेले साहेब बसलेत आणि त्यांनी मघाशीच हाताची घडी घातलीय. (हशा) साहेब, मी पोलिसांविरुद्ध बोलायला आलेलो नाही. माझ्या पक्षकारांत हवालदार आहेत. सोळा-सोळा तासांची ड्यूटी, बंदोबस्तात ना जेवण ना संडासची सोय, हा मानवी हक्काचाच प्रश्न आहे, आणि तो ‘सेवाविषयक’ ठरून बाहेर राहू नये असं मी लेखी मांडलेलं आहे. पण राष्ट्रीय आयोगाची तपास शाखा पोलीस महासंचालक दर्जाचे अधिकारी चालवतात आणि तपासाला जातात तेही पोलीसच. कोठडीत माणूस मेला की पोलिसांची चौकशी पोलीसच करणार. हे मी म्हणतो म्हणून सोडून द्या, पण जगभरच्या अशा आयोगांना दर्जा देणारी जी आघाडी आहे, तिनं याच कारणासाठी आणि इतरही कारणांसाठी 2023 आणि 2024 अशी सलग दोन वर्षं भारताच्या आयोगाच्या ‘अ’ दर्जाचा निर्णय लांबणीवर टाकला. 1999 पासून हा दर्जा आपल्याकडे होता. साहेब, तुम्ही मान हलवताय ती हो म्हणून की नाही म्हणून, ते मला इथून दिसत नाही. चहाच्या वेळी बोलू.

कायद्यात अधिकार नाहीत म्हणून आयोग काही करत नाही, हे ऐकलं की मला अमृतसर आठवतं. दोन मिनिटांत सांगतो.

नव्वदीच्या सुरुवातीचा पंजाब. जसवंतसिंग खालडा हे अमृतसरमधल्या एका सहकारी बँकेचे संचालक. ओळखीची माणसं बेपत्ता होत होती, त्यांचा शोध घेत ते स्मशानात पोचले. आता स्मशानात काय सापडणार? राख. पण नगरपालिकेचं स्मशान म्हटलं की तिथं नोंदवही असते. बेवारस मृतदेह आला तर लाकूड नगरपालिकेचं, लाकडाला पैसे लागतात, आणि पैसे लागले की नोंद लागते. कोणत्या तारखेला, कोणत्या पोलीस ठाण्याकडून किती प्रेतं आली, त्यासाठी किती लाकूड दिलं. ज्या माणसांना उचललंच नव्हतं असं पोलीस सांगत होते, ती लाकडाच्या हिशेबात लिहिलेली होती. मारणाऱ्यांनी सगळी काळजी घेतली असेल, पण लेखापरीक्षणाला उत्तर द्यायचं असलेल्या कारकुनाला नोंद करणं भाग होतं. आपल्याकडे कारकुनाला फार नावं ठेवतात. मी ठेवत नाही.

जानेवारी 1995 मध्ये खालडांनी हे कागद लोकांपुढे ठेवले. त्याच वर्षी 6 सप्टेंबरला त्यांच्या घरासमोरून त्यांना उचललं आणि नंतर ठार मारलं. त्यासाठी पुढं पोलिसांना शिक्षा झाल्या, पण तोवर दहा वर्षं गेली होती. दरम्यान सर्वोच्च न्यायालयानं सीबीआयला तपास दिला. अमृतसर जिल्ह्यातल्या फक्त तीन स्मशानभूमींत सीबीआयला 2097 मृतदेहांचे अंत्यसंस्कार मिळाले. 585 जणांची ओळख पूर्ण पटली, 274 जणांची अर्धवट, आणि 1238 जण कोण होते ते कळलंच नाही. डिसेंबर 1996 मध्ये न्यायालयानं हे प्रकरण राष्ट्रीय आयोगाकडे सोपवलं. केंद्र सरकारनं लगेच हरकत घेतली : वर्ष उलटून गेलंय, कलम 36. सर्वोच्च न्यायालयानं 1998 साली सांगितलं की इथं आयोग आमच्या आदेशानं काम करतोय, वर्षाची अट इथं लागू नाही.

म्हणजे बघा, कधी नव्हे तो सगळा अडसर निघाला. मुदतीचा नाही, अधिकाराचा नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचं बळ पाठीशी. आणि आयोगानं काय केलं? 1999 च्या जानेवारीत स्वतःच स्वतःला त्या तीन स्मशानभूमींपुरतं बांधून घेतलं. बाकी पंजाब बाहेर. तिथंही मुख्य प्रश्न असा धरला की बेवारस प्रेतांच्या अंत्यसंस्काराचे नियम पाळले गेले का. माणूस कोणी मारला, कसा मारला, यात आयोग शिरला नाही. जे पोलिसांच्या ताब्यात होते असं ठरलं त्यांच्या वारसांना अडीच लाख, इतरांना पावणेदोन लाख. ही रक्कम घेताना त्या घरांतल्या बायकांना काय वाटलं असेल... असो. हे मी इतकं लांबवणार नव्हतो.

(कार्यवाहांची चिठ्ठी) ‘दहा मिनिटं.’ ध्वनिक्षेपकाची परवानगी दहापर्यंत आहे म्हणे. बघा, शेवटी पोलिसांचीच परवानगी. (हशा)

मग गुजरात थोडक्यात सांगतो, कारण तो याच्या नेमका उलटा दाखला आहे. 2002 च्या दंगलीत जाळलेली बडोद्याची बेस्ट बेकरी, 14 जणांचा मृत्यू. जून 2003 मध्ये तिथल्या जलदगती न्यायालयानं सगळ्या 21 आरोपींना सोडलं, साक्षीदार फिरले म्हणून. त्या वेळी न्यायमूर्ती आनंद राष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष होते. आयोग स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेला, साधारण महिन्याभरात. एप्रिल 2004 मध्ये न्यायालयानं फेरखटल्याचा आदेश दिला, तोही गुजरातबाहेर, आपल्या राज्यात. माझगावच्या न्यायालयात तो चालला आणि 2006 मध्ये नऊ जणांना जन्मठेप झाली. त्यातल्या पाच जणांना पुढं उच्च न्यायालयानं सोडलं, ते वेगळं. कायदा तोच, 1993 चा. स्वतः आदेश देऊ न शकणारा तोच आयोग. अमृतसरला त्यानं पाय मागं घेतला आणि बडोद्याला पुढं टाकला.

तर मग आयोगाचा पाय पुढं पडावा यासाठी त्याच्यामागं कोणी तरी उभं लागतं. ते कोण? इथं मी माझ्या कलमावर येतो. अध्यक्षबाई हसतायत, त्यांना माहीत होतं. त्यांच्याच महाविद्यालयात मी गेल्या वर्षी विद्यार्थ्यांना हेच ऐकवलं होतं आणि मुलं मला ‘28 वाले काका’ म्हणू लागली.

कलम 28 काय म्हणतं? राज्य आयोगानं दरवर्षी अहवाल सरकारला द्यायचा. तातडीचा विषय असेल तर वर्षाची वाट न बघता विशेष अहवालही देता येतो. सरकारनं तो विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवायचा. आणि आता नीट ऐका : त्यासोबत शिफारशींवर काय कार्यवाही केली ते, आणि एखादी शिफारस स्वीकारली नसेल तर का नाही स्वीकारली त्याची कारणं, लेखी. राष्ट्रीय आयोगासाठी हेच कलम 20 मध्ये आहे. म्हणजे ज्या ‘शिफारस’ शब्दाची आपण थट्टा करतो, त्याच्यापुढं कायद्यानं सरकारला कारण द्यायला बसवलेलं आहे. लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहात.

आता उणं कुठं आहे? किती दिवसांत ठेवायचा, ते कलमात नाही. माहितीच्या अधिकाराला 30 दिवस आहेत, याला काहीच नाही. आणि ठेवल्यावर कोणी वाचायचा, तेही नाही. कॅगचा अहवाल येतो तेव्हा त्याच्यामागं लोकलेखा समिती असते. ती सचिवांना समोर बसवते, ‘हा खर्च का झाला’ म्हणून विचारते. एखादा पूल दोन कोटींनी महाग पडला तर सचिवाला घाम फुटतो. कोठडीत माणूस मेला, आयोगानं भरपाई सांगितली, गृह विभागानं नाही म्हटलं, तर सचिवाला समोर बसवणारी अशी समिती आपल्या विधिमंडळात नाही. ब्रिटनच्या संसदेत दोन्ही सभागृहांची मिळून मानवी हक्कांची संयुक्त समिती आहे, 2001 पासून. जगभरच्या आयोगांनी 2012 मध्ये बेलग्रेडला जमून आयोग आणि संसद यांचं नातं कसं असावं याची तत्त्वंच लिहून काढली. आपण मात्र अजून वाघाचे दात मोजतोय.

माझ्या ओळखीच्या एका आमदारांना मी हे समजावून सांगितलं. म्हणाले, ‘वकीलसाहेब, मतदारसंघातून यावर एक तरी पत्र येतं का? रस्त्यावर येतात, पाण्यावर येतात, ट्रान्सफॉर्मर जळाला तर रात्री दोनला फोन येतो.’ मला राग आला होता. पण ते खोटं बोलत नव्हते.

कोणी म्हणेल, आयोगाच्या खुर्च्याच कितीदा रिकाम्या असतात, अहवाल कोण लिहिणार? बरोबर. 2015 साली कोठडीतल्या छळाविषयीच्या डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावं लागलं की आयोग नेमा, पदं भरा. 2019 च्या दुरुस्तीनं मुदत पाचाची तीन वर्षं केली, म्हणजे खुर्ची लवकर लवकर रिकामी होणार. पण पद रिकामं आहे हेसुद्धा सभागृहात विचारायला कोणी तरी लागतं ना? तारांकित प्रश्न, लक्षवेधी, काहीही चालेल.

(दुसरी चिठ्ठी) संपवतो, संपवतो. प्रश्नोत्तरांना वेळ नाही असं दिसतंय, त्याबद्दल माफ करा. पहिल्या रांगेतल्या साहेबांचा प्रश्न मला चहापाशी घ्यायचाच आहे.

एवढं सांगतो. कोणाच्या घरात, ओळखीत असं काही घडलं असेल तर घटनेची तारीख अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहा. कलम 36 तिथंच आडवं येतं. आणि आमदारांना लिहायचं एक पत्र मी टाइप करून आणलंय. त्यात प्रश्न दोनच : राज्य आयोगाचे गेल्या पाच वर्षांचे अहवाल पटलावर कोणत्या तारखांना ठेवले, आणि न स्वीकारलेल्या शिफारशींची कारणं कुठं वाचायला मिळतील. व्याख्यानमालेच्या नियमांत सह्यांची मोहीम बसत नाही हे मला कार्यवाहांनी दोनदा बजावलंय, म्हणून टेबल दाराबाहेर, चपलांच्या पलीकडे ठेवलंय. पेन मात्र आपापलं वापरा, मागच्या गावात माझी दोन गेली.