तुम्हाला ते आवडलं ना? मग हे बघा!

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



"ही मुलं दार लावून जपानी कार्टून काय बघत बसतात गं?" असं मला मंडळातल्या इतक्या आयांनी विचारलं की शेवटी कार्यकारिणीने माईकच हातात दिला. तेव्हा दहा मिनिटं सहन करा!

खरं तर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ॲनिमे आधीच पाहिलंय. १९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायचा तो मोगली आठवतो? गुलजारचं गाणं, शेरखानला नाना पाटेकरचा आवाज? ती मूळ जपानी मालिका, १९८९ ची, ५२ भागांची.

आता "एखादं चांगलं ॲनिमे सुचव" म्हणणं म्हणजे "एखादं चांगलं मराठी नाटक सुचव" म्हणण्यासारखं आहे. 'मोरूची मावशी' हवं की 'घाशीराम कोतवाल'? म्हणून मी उलट विचारते, तुम्ही एरवी काय बघता, आणि त्यातलं नेमकं काय आवडतं?

'ब्रेकिंग बॅड' आवडलं? सरळमार्गी हुशार माणूस पायरीपायरीने घसरत जातो, ते? मग 'डेथ नोट' बघा (२००६-०७, ३७ भाग). एका हुशार विद्यार्थ्याला वही सापडते. ज्याचं नाव त्यात लिहावं, तो मरतो. हा आधी फक्त गुन्हेगारांची नावं लिहितो. 'त्यात काय बिघडलं?' हा प्रश्न तुमचा चौदा वर्षांचा मुलगा आत्ता खोलीत एकटाच ऐकतोय. निदान पहिले चार भाग त्याच्याशेजारी बसून बघा. वाद होईल, होऊ द्या.

जुनी 'द फ्युजिटिव्ह' आवडणाऱ्यांसाठी, आणि आपल्यातल्या तमाम डॉक्टरांसाठी, 'मॉन्स्टर' (२००४-०५). जर्मनीतला जपानी ब्रेन सर्जन वरिष्ठांचा हुकूम मोडून महापौरांऐवजी आधी आणलेल्या लहान मुलाचं ऑपरेशन करतो. मुलगा वाचतो, आणि पुढे खुनी निघतो. संशय मात्र डॉक्टरवर! ७४ भाग आहेत, सुट्टी बघून सुरू करा.

आता माझी लाडकी. पुलंचे एकपात्री प्रयोग ज्यांना पाठ आहेत, किंवा 'कट्यार'मधली घराण्यांची चढाओढ ज्यांना भिडते, त्यांनी 'शोवा गेनरोकु राकुगो शिंजू' बघायलाच हवी. नाव भयंकर आहे, कबूल. २०१६-१७ मधले दोन सीझन. राकुगो म्हणजे जपानी कथाकथन. कलाकार उशीवर गुडघे मोडून बसतो, हातात एक पंखा आणि एक छोटा पंचा, बस्स. नवरा, बायको, चोर, न्हावी, सगळं तोच. पंखा कधी चॉपस्टिक होतो, कधी तंबाखूची नळी. कीर्तन बघत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तुरुंगातून सुटलेला एक तरुण थेट एका मोठ्या बुवांच्या दारात 'शिष्य करा' म्हणून उभा राहतो. बुवांनी ठरवलेलं असतं की ही कला आपल्याबरोबरच संपवायची. परदेशात मुलांना मराठी शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे जरा जास्तच टोचतं. मोठ्यांसाठीच आहे, लहानांना नको.

'मालगुडी डेज'वाल्यांसाठी 'बाराकामोन' (२०१४, फक्त १२ भाग). शहरी सुलेखनकार टीका सहन न होऊन एका वृद्ध गृहस्थांना ठोसा मारतो, म्हणून वडील त्याला दूरच्या गोतो बेटांवर धाडतात. तिथली बोली त्याला कळेना, गावची पोरं न विचारता घरात! पुणेकर मालवणात गेल्यावर जे होईल तेच. आमच्याकडे सासूबाईंना इंग्रजी सबटायटल्स वाचवत नाहीत. म्हणून लेक शेजारी बसून मराठीत सांगायची. एरवी "हो आजी, नाही आजी" एवढंच बोलणारी ही मुलगी बारा भाग सलग मराठी बोलली. 'खोडकर' हा शब्द तिला आजीने तेव्हाच दिला.

खेळ आवडतात, 'चक दे' दहादा पाहिलाय? 'हाइक्यू', व्हॉलीबॉल. पुढे मुलंच सांगतील.

एक मात्र सांभाळा. चित्रं गोड आहेत म्हणून गोष्ट लहानांचीच असेल असं नाही. 'माय नेबर टोटोरो' आणि 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' हे दोन सिनेमे जपानमध्ये १९८८ मध्ये एकाच खेळात जोडीने दाखवले गेले. पहिला चार वर्षांच्या मुलालाही दाखवा. दुसऱ्यात युद्धात आईवेगळी झालेली दोन भावंडं भुकेने जातात. तो आधी स्वतः बघा, रुमाल घेऊन.

चला, आता तुम्ही सांगा, तुम्ही सध्या काय बघताय? काकू, तुमच्यापासून सुरुवात करू.